बुधवार-रविवारची दाढी

रिबनकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. आमच्या ऑफिसात टाइपरायटर होते तेव्हा ते महिन्यातून दोनदा दुरुस्तीला यायचे. खांद्याला कातडी बॅग, बॅगेत रिबनींच्या चपट्या गोल डब्या, ब्रश, बारीक पकडी आणि लांब चोचीची तेलाची कुपी. बोटांची टोकं कायमची काळपट निळी. मी तेव्हा नवा कारकून होतो आणि बाहेरून येणाऱ्या माणसांच्या वेळा नोंदवण्याचं काम माझ्याकडे होतं. काकांची येण्याची वेळ कधी चुकली नाही. जाण्याची मात्र ठरलेली नसे, कारण एक मशीन नीट झालं की ते शेजारच्या, न बिघडलेल्या मशीनचं झाकण काढत. चालू असलेली वस्तू तशीच सोडून देणं त्यांना जमत नसे.

लग्न त्यांनी केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणत, "वेळ कुठे होता? तुमचे हेडटायपिस्ट मशीन मोडायचे काही थांबेनात."

हेडटायपिस्ट म्हणजे आमच्या टायपिंग विभागाचे प्रमुख. शर्टाची वरची गुंडी लावलेली, दाढी रोज गुळगुळीत, मिनिटाला किती शब्द ते विचारलं तर न सांगता नुसते हसणारे. त्यांचं आणि काकांचं तीस वर्षं भांडण चाललं. टायपिस्टांचं म्हणणं, काकांच्या हातात मशीन गेलं की धड चालणारी अक्षरंसुद्धा वरखाली उड्या मारतात. काकांचं म्हणणं, हा माणूस टाइप करत नाही, खिळे ठोकतो. एकदा टायपिस्टांनी सगळ्या ऑफिससमोर विचारलं होतं, "काय हो, तुम्ही मशीन दुरुस्त करता की पुढच्या वेळची सोय करून जाता?" काका मान खाली घालून स्क्रू फिरवत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही असताना मला वेगळी सोय करायची गरज काय?" एवढं बोलून झालं की दोघं एकाच टेबलावर चहा प्यायचे. टायपिस्ट बशीतून, काका कपातून. ऑफिसाबाहेर ते एकमेकांना भेटत होते की नाही, मला माहीत नाही. बहुधा नसावेत.

मग कम्प्युटर आले. टाइपरायटर तळघरात गेले, टायपिस्ट निवृत्त झाले, काकांचं येणं थांबलं. पुढे मी सध्याच्या जागी राहायला आलो तेव्हा कळलं की माझ्या डोक्यावरच्या खोलीत रिबनकाकाच राहतात. एक खोली, एक खाट, खिडकीशी टेबल. टेबलावर हत्यारं लांबीच्या क्रमाने मांडलेली, जणू आत्ता कोणीतरी बिघडलेलं मशीन घेऊन येणार आहे. भाऊ होता, तो वारला. पुतणे दूरच्या शहरात, त्यांचा वर्षातून एखादा फोन.

पाच वर्षांपूर्वी हेडटायपिस्टांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि बोलणंही गेलं. एकच शब्द उरला: नको. पाणी पुढे केलं की नको, औषध नको, उशी सरळ करायला गेलं तरी नको. तो शब्द ते रागाने म्हणत असं नाही. दुसरा नव्हताच, म्हणून तोच वापरत. काका त्यांना बघायला गेले तेव्हा मुलगा वडिलांची दाढी करायच्या खटपटीत होता. हातात प्लॅस्टिकचा वापरून टाकायचा रेझर, टायपिस्टांच्या हनुवटीवर रक्ताचे दोन थेंब, मान भिंतीकडे वळवलेली आणि तोंडात नको, नको. काकांनी पाच मिनिटं पाहिलं. मग विचारलं, यांचा स्वतःचा रेझर कुठे आहे?

सुनेने कपाटातून काढून दिला. जुना, पितळेचा, वर चांदीसारखा मुलामा. दांड्याच्या टोकाला एक घुंडी होती. ती फिरवली की वरच्या बाजूची दोन छोटी दारं उघडत, मध्ये पातं ठेवायचं, उलट फिरवली की दारं मिटत. काकांनी तो दोनदा उघडून मिटून पाहिला आणि मुलाला म्हणाले, "सरका." गरम पाण्याचा टॉवेल गालांवर ठेवला, फेस केला, आणि चाळीस मिनिटांत दाढी केली. टायपिस्टांनी मान वळवली नाही. नकोही म्हणाले नाहीत. डोळे मिटून बसून राहिले.

तेव्हापासून दर बुधवारी आणि रविवारी सकाळी दहा वाजता काका त्यांच्याकडे जाऊ लागले. दाढी झाली की रेझर चष्म्याच्या जुन्या डबीत घालून घरी आणायचा, टेबलावर घेऊन स्वच्छ करायचा आणि पुढच्या वेळी परत न्यायचा. आठवड्यातले हे दोन दिवस सोडले तर त्यांना कुठेच जायचं नसे. बाकीचे पाच दिवस ते खाली उतरत ते दूध, भाजी आणि वर्तमानपत्रासाठी. शनिवारी जिन्यात भेट झाली की म्हणत, "उद्या कामावर जायचंय." मी सुरुवातीला हे थट्टेवारी नेत होतो. नंतर लक्षात आलं की त्यात थट्टा नव्हती. त्या घरात जाण्यासाठी त्यांच्याकडे दाढीशिवाय दुसरं काही कारण नव्हतं, आणि कारणाशिवाय कोणाच्या दारात उभं राहणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका मंगळवारी संध्याकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. म्हणाले, वर या, तुमचे डोळे पाहिजेत. मी जवळचं पाहायला चष्मा काढतो, आणि काढला की मला केसाएवढी फटही दिसते, हे त्यांना ठाऊक होतं.

टेबलावर रेझर होता. उद्या बुधवार, म्हणून नवं पातं घालायला गेले तर घुंडी फिरेना. दारं मिटलेली, जुनं पातं आत. मी रेझर डोळ्यांशी धरला.

"काय दिसतंय?" काकांनी विचारलं.

दोन दारं जिथे मिळतात तिथे आणि खाली बिजागरीत एक तपकिरी रेघ होती. वाळलेल्या गोंदासारखी, मी म्हटलं. घुंडीच्या मुळाशीही तसंच.

काका खाटेवर बसले. म्हणाले, "तेल. माझंच तेल."

मला यंत्रातलं काही कळत नाही, म्हणून त्यांनी सांगितलं तसं लिहितो. दांड्याच्या आत एक सळई असते, घुंडीबरोबर ती फिरते आणि दारं हलवते. फिरणारी सळई दिसली की टाइपरायटरच्या माणसाचा हात कुपीकडे जातो. चार वर्षं, आठवड्यातून दोनदा, रेझर धुऊन झाला की काका त्यात तेलाचा एक थेंब सोडत होते. रेझरला तेलाची काही गरज नव्हती. गरम पाण्याने धुऊन, झटकून वाळवला असता तर तो आणखी चाळीस वर्षं चालला असता. पण चालतोय म्हणून सोडून देणं जमलं नाही. ते तेल, दाढीचा साबण आणि आमच्या नळाचं जड पाणी यांचा थरावर थर बसून आत खळ झाली होती. "न्हाव्याने केलं नसतं असं," काका म्हणाले. "शहाण्या मेकॅनिकलाच सुचतं हे."

मी म्हटलं, उद्यापुरता दुसरा रेझर घ्या, बाजारात हवे तेवढे मिळतात. ते म्हणाले, प्लॅस्टिकचा दिसला तरी ते मान फिरवतात. आणि यजमानाची वस्तू बिघडवून, दुसरी घेऊन त्याच्या दारात कसं जायचं?

मग त्यांनी घुंडीभोवती फडक्याची घडी गुंडाळली आणि तिला पक्कड लावली. त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झाली. दोन-चार क्षण असे गेले आणि त्यांनी पक्कड खाली ठेवली. दांड्याची नळी कागदासारखी पातळ असते, जोर केला तर ती उभी चिरते, म्हणाले. मला आमच्या ऑफिसातले काका आठवले. नवीन टायपिस्ट मुली अडकलेला कागद ओढायला लागल्या की ते खोलीच्या त्या टोकावरून ओरडायचे, "ओढू नका. आधी का अडकलंय ते बघा." आयुष्यात ते एवढंच काय ते ओरडले असतील.

"उद्या होत नाही," ते म्हणाले. "दोन-तीन दिवस भिजवावा लागेल. रविवारी होईल." आणि मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही फोन कराल का त्यांच्याकडे? सांगा, काकांना जरा ताप आहे."

रेझर आपल्याच हातून अडकला हे त्यांना सांगवत नव्हतं. मी फोन केला. सूनबाई फार चांगल्या आहेत. आधी त्यांनी तापाची चौकशी केली, औषध घेतलं का, जेवणाचं काय. मग म्हणाल्या, "काकांना सांगा, अजिबात काळजी करू नका. गुरुवारी बाबांना डॉक्टरकडे न्यायचंय, दाढी तर करायला हवीच. यांनी ते विजेचं मशीन आणून ठेवलंय महिनाभरापूर्वी, खोक्यातच पडलंय. आता करून बघतो आम्ही."

मी फोन ठेवला. काका विचारत होते, काय म्हणाल्या? मी सांगितलं, आराम करा म्हणाल्या. मशीनचं सांगितलं नाही. का नाही सांगितलं, त्याचं मी तेव्हा स्वतःला दिलेलं उत्तर असं होतं की टायपिस्ट मशीनला नकोच म्हणतील, मग उगाच कशाला यांच्या जिवाला घोर.

पुढचे तीन दिवस मी ऑफिसातून आलो की वर जात होतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, त्यात रेझर बुडवलेला. उकळतं पाणी नाही, त्याने मुलामा सुटतो. पाणी निवलं की बदलायचं. दर दोन तासांनी मऊ टूथब्रशने बिजागरीवर घासायचं, तेही एकाच दिशेने. पात्याच्या धारा दोन्ही अंगांनी बाहेर डोकावत होत्या, म्हणून ते वरचा भाग जाड कापडात धरत. बुधवारी पाणी चहासारखं झालं होतं. गुरुवारी दहा मिनिटं, घड्याळ लावून, पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये ठेवला आणि लगेच धुतला. अकरावं मिनिट झालं तर पितळ दिसायला लागेल, म्हणाले. त्यानंतर घुंडीच्या मुळाशी रॉकेलचे दोन थेंब, आणि रेझर उलटा करून पेल्यात उभा. हे सगळं करताना ते बोलत नसत. बुधवारी दहा वाजता मात्र, त्यांनीच मला नंतर सांगितलं, ते कपडे करून खाटेवर बसले होते. सवयीने अंघोळ लवकर झाली होती.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी घुंडी आधी मिटायच्या दिशेने किंचित आवळली, मग उलट. पुन्हा आवळली, पुन्हा उलट. पंधरा-वीस वेळा. मला काही हललेलं दिसलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मग एक बारीक कट असा आवाज झाला आणि दारं उघडली. आत पातं काळं पडलं होतं. त्यांनी ते कागदात गुंडाळलं, आतली खळ टूथपिकने काढली, बिजागरीतून दोरा ओढून घेतला, धुतलं, पुसलं. हात कुपीकडे गेला. तिथेच थांबला. त्यांनी कुपी बॅगेत टाकली आणि बॅगेचा पट्टा लावून टाकला.

रविवारी मीही त्यांच्याबरोबर निघालो. त्यांनी बोलावलं नव्हतं, पण मला घरी बसवेना. रस्ताभर ते मला मुलाम्याचे प्रकार समजावून सांगत होते. इतकं बोलताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

टायपिस्ट खिडकीशी खुर्चीत बसले होते. गाल चकाकत होते. मुलगा एका छोट्या ब्रशने मशीनमधला केसांचा भुगा वर्तमानपत्रावर झटकत होता.

"ताप उतरला का काका?" सूनबाई आतून आल्या. "बसा ना. आज आम्हीच उरकून घेतलं बघा. म्हटलं, आजारातून उठलात, कशाला त्रास. बुधवारी केली तेव्हा भीत भीतच केली. पण तीन मिनिटांत होते हो."

काका दारातच उभे होते. "नको म्हणाले का?" त्यांनी विचारलं.

"कोण, बाबा? छे. एकदाही नाही. उलट हसले. गुदगुल्या होत असतील."

काका पुढे गेले. बोटांची मागची बाजू टायपिस्टांच्या गालावरून खाली नेली, मग हनुवटीखालून उलटी वर आणली. डाव्या जबड्याखाली एका जागी त्यांचं बोट थांबलं. मशीनने तिथे चार-सहा केस सोडले होते, मला उभ्या जागेवरून दिसत होते. बोट पुढे गेलं. "छान झालीय," काका म्हणाले.

मग त्यांनी डबी उघडून रेझर काढला, टायपिस्टांच्या समोर धरला आणि घुंडी फिरवली. दारं उघडली. मिटली. पुन्हा उघडली. टायपिस्टांनी रेझरकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "नको."

मुलगा हसला. "बाबा सगळ्यालाच म्हणतात हो काका."

"हो, माहितेय मला," काका म्हणाले. रेझर त्यांनी आरशाखालच्या फळीवर मशीनच्या खोक्याशेजारी ठेवला. सूनबाई म्हणाल्या, राहू द्या की तुमच्याकडे. तर म्हणाले, त्यांची वस्तू आहे, घरात बरी. चहा घेतला. तो दहा मिनिटांत संपला. निघताना सूनबाईंनी बजावून सांगितलं की दाढी नसली म्हणून काय झालं, नेहमीसारखं यायचं, गप्पा मारायला. त्या मनापासून बोलत होत्या.

परत येताना मला राहवेना. मी सांगून टाकलं की मशीनचं मला मंगळवारीच कळलं होतं.

काकांनी चाल जरा मंद केली. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलं असतं तर मी काय केलं असतं?"

"पक्कड लावली असती."

"लावलीच असती. आणि नळी चिरली असती." एक वळण आलं, आम्ही वळलो. "पण बुधवारी गेलो असतो," ते म्हणाले.

त्यानंतर ते दोन वेळा गेले. पहिल्या वेळी अर्धा तास बसले. दुसऱ्या वेळी टायपिस्ट झोपले होते, म्हणून सूनबाईंशी दोन शब्द बोलून परत आले. पुढच्या बुधवारांचं मला माहीत नाही, कारण मी ऑफिसात असतो. रविवारी पाहिलं. ते दहाला दहा मिनिटं असताना इस्त्रीचा शर्ट घालून जिना उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले, औषधांच्या दुकानाबाहेर थोडा वेळ उभे राहिले आणि रस्ता न ओलांडता परत फिरले. दुसऱ्या रविवारीही तेच. मी गॅलरीतून पाहतोय हे त्यांना दिसलं असावं, कारण तिसऱ्या रविवारी ते उतरलेच नाहीत.

मध्यंतरी सूनबाईंचा मला फोन आला होता. काका रागावलेत का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. त्यांनी पुन्हा निरोप दिला. या वेळी मी तो पूर्ण पोचवला, शब्दही न गाळता. काकांनी ऐकून घेतलं आणि जाईन म्हणाले.

पुढच्या आठवड्यात जिन्यात गाठ पडली. त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती. मी विचारलं, टायपिस्ट कसे आहेत. बरे असतील, म्हणाले. मग आम्ही दोघंही कठड्याला धरून उभे राहिलो. मी दोन वर्षांत निवृत्त होणार, म्हणून असेल, इतकी वर्षं जे बोलणं कधी सुचलं नाही ते आता सुचायला लागलंय. मी म्हटलं, "काका, रविवारी माझी दाढी कराल का?"

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा करतोय का ते बघायला नव्हे. आधी एक गाल, मग दुसरा, मग हनुवटी, मशीनचं झाकण काढून आत पाहावं तसं.

"तुमचे हात चालतात की," ते म्हणाले, आणि एकेक पायरी घेत वर गेले. वरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यानंतर काही ऐकू आलं नाही.